तिसऱ्या प्रकरणाच्या नोंदी

१२ जून २०२४, बुधवार

आज गाइडसरांनी प्रबंधाचा पहिला मसुदा परत दिला. पहिल्या दोन प्रकरणांवर त्यांच्या खुणा थोड्याच आहेत, चौथ्या-पाचव्यावर त्याहून कमी, तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर मात्र पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली आहे आणि तीच त्यांनी तोंडानेही सांगितली: "बेन, आ तो इम्प्लिमेन्टेशन छे. मेथडॉलॉजी क्यां छे?" म्हणजे, हे तर नुसते करून दाखवणे झाले, संशोधनाची पद्धत कुठे आहे? दोन वर्षांत जे केले ते सगळे त्या प्रकरणात आले आहे अशी माझी समजूत होती, त्यामुळे मला चटकन उत्तर देता आले नाही.

काम थोडक्यात असे आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातील कुटुंबाने शके १८१५ ते १८२१ या काळातील घरखर्चाच्या मोडी वह्या मला फोटो काढण्यासाठी दिल्या, त्यांतून ३१२ पाने हाती आली, आणि ती पाने वाचून मजकूर देवनागरीत उतरवणारा प्रोग्रॅम मी तयार केला. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, स्वतंत्र जागा २०१४ साली ७.० या आवृत्तीत मिळाली, ही गोष्ट मी प्रस्तावनेत मोठ्या उत्साहाने लिहिली आहे. अक्षरांना क्रमांक मिळाले म्हणून हस्तलिखित वाचता येऊ लागत नाही, हे कळायला मला वर्षभर लागले.

दुपारी विभागाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध काढून बसले. बहुतेकांच्या तिसऱ्या प्रकरणात एकच चौकटींचे चित्र आहे: सामग्री गोळा करणे, स्वच्छ करणे, गुणविशेष काढणे, वर्गीकरण, मूल्यमापन. बाण सगळे डावीकडून उजवीकडे जातात. एकही बाण मागे वळत नाही. माझ्याही प्रकरणात तेच चित्र आहे, फक्त चौकटींचा रंग वेगळा. प्रत्यक्षात मी किती वेळा मागे वळले याची नोंद गिटच्या, म्हणजे प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल तारखेसह जपणाऱ्या साधनाच्या, इतिहासात आणि टेबलाच्या खणातल्या दोन वह्यांत पडून आहे. आजपासून प्रकरण आणि ही नोंद शेजारी ठेवून वाचायची, आणि काय सापडते ते येथे लिहीत जायचे.

२४ जून २०२४, सोमवार

माझी अडचण माझ्या एकटीची आहे की आमच्या शास्त्राचीच आहे, हे पाहण्यात गेले दहा दिवस गेले.

रामेश, वेसी आणि ग्लास यांनी १९९५ ते १९९९ या काळातील, तेरा नियतकालिकांतले संगणकशास्त्राचे ६२८ लेख तपासले होते. त्यांत गणिताच्या आधाराने केलेले संकल्पनात्मक विश्लेषण इतके वरचढ आहे की बाकीच्या पद्धती कोपऱ्यात ढकलल्यासारख्या दिसतात. याच मंडळींनी माहिती-प्रणाली, म्हणजे माणसे आणि संस्था संगणक कसे वापरतात, या विषयाचे ४८८ लेख पाहिले तेव्हा चित्र उलटे निघाले. तेथे क्षेत्र-अभ्यास आणि माणसांवरचे प्रयोग पुढे आहेत. एकाच इमारतीत, एकाच प्रकारच्या यंत्रांपुढे बसणारे हे दोन विषय आहेत. एकाला पद्धतीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही आणि दुसऱ्याला बोलायची गरजच वाटत नाही.

टिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चारशे लेखांची जी मोजणी केली ती अधिक बोचरी आहे. ज्या लेखांना प्रयोगाचा आधार हवा होता त्यांपैकी चाळीस टक्क्यांत तो अजिबात नव्हता, सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या नियतकालिकांत हे प्रमाण निम्म्यावर गेले होते, आणि तुलनेसाठी घेतलेल्या प्रकाश-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात ते चाळिसाच्या निम्म्याहूनही कमी होते. झेलकोविट्झ आणि वॉलेस यांनी १९९८ मध्ये ६१२ लेखांसाठी जे बारा प्रकार ठरवले, त्यांतला एक मला विशेष आवडला. तो म्हणजे "प्रतिपादन": ज्याने साधन बनवले तोच ते वापरतो, आणि चालले असे तोच सांगतो. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचे खरे नाव हेच आहे.

तरीही एक बाजू नोंदवून ठेवते. न्यूएल आणि सायमन यांनी १९७५ च्या, संगणकशास्त्रातल्या मानाच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात असे मांडले होते की नवा बांधलेला प्रत्येक प्रोग्रॅम हा एक प्रयोगच असतो. तो निसर्गाला प्रश्न विचारतो आणि त्याच्या वागण्यातून उत्तराचा सुगावा लागतो. हे मला मनापासून पटते. मग प्रश्न एवढाच उरतो की मी बांधलेल्या प्रोग्रॅमने कोणता प्रश्न विचारला होता, आणि उत्तर ऐकताना मी कुठे कुठे कान झाकून घेतले होते.

९ जुलै २०२४, मंगळवार

गिटमध्ये चारशेच्या आसपास कमिट, म्हणजे संदेशासह नोंदवलेले बदल, निघाले. सगळे वाचले. त्यांतले बरेचसे संदेश "दुरुस्ती", "पुन्हा दुरुस्ती", "आता तरी" अशा थाटाचे आहेत, त्यामुळे तारखा जुळवून वहीतून अर्थ लावावा लागला.

प्रकरणातले एक वाक्य घेते: "पानांची प्रतिमा कृष्णधवल करण्यासाठी सौव्होला पद्धत वापरली, k चे मूल्य ०.३१ ठेवले." वाक्य खरे आहे. शाई कुठली आणि कागद कुठला हे ठरवणारा थ्रेशोल्ड ओत्सू यांच्या १९७९ च्या पद्धतीत संपूर्ण पानासाठी एकच असतो. सौव्होला आणि पिएतिकाइनेन यांच्या २००० सालच्या पद्धतीत तो प्रत्येक बिंदूभोवतीच्या छोट्या खिडकीतील उजेड आणि चढउतार पाहून बदलतो, आणि त्या चढउताराला किती वजन द्यायचे ते k हा आकडा ठरवतो. मागच्या बाजूची शाई पुढे उतरलेल्या माझ्या पानांना दुसरी पद्धत मानवली, यात नवल नाही.

पण ०.३१ कुठून आले? वहीत याचे उत्तर आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी सहा संध्याकाळी हा आकडा खालीवर करत, तीच ती अकरा पाने पडद्यावर पाहत बसले होते. उकाराच्या शेपट्या तुटू नयेत आणि पलीकडच्या ओळींची सावली दिसू नये, असे जिथे दोन्ही साधले तिथे हात थांबला. मोजमाप काही नव्हते. डोळ्याला बरे दिसले, एवढेच. ती अकरा पाने का निवडली, तर ती मला स्वतःला वाचता येत होती म्हणून. त्या वेळी माझी मोडी कच्चीच होती, म्हणजे मला वाचता येणारे पान हे मुळात सुवाच्य पान. एका सुवाच्य अकराच्या जोरावर तीनशे बारा पानांचा आकडा ठरला, आणि पुढे त्या अकरांपैकी चार पाने चाचणी संचातही, म्हणजे प्रोग्रॅम किती बरोबर वाचतो हे तपासायच्या पानांतही, जाऊन बसली.

हे लपवावे असा माझा हेतू कधीच नव्हता. सांगण्यासारखे काही घडले आहे हेच मला कळले नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत सगळे असेच करतात, कोणी कोणाला शिकवत नाही, पाहून पाहून हातात येते. पोळी लाटताना पीठ किती लावायचे हे जसे कोणी ग्रॅममध्ये सांगत नाही. फरक असा की पोळीच्या पिठावर कोणी पदवी मागत नाही.

२२ जुलै २०२४, सोमवार

आजची नोंद लांबेल.

नानांकडे गेले होते. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आयुष्यभर जुन्या दफ्तरांत काम केलेले, आणि माझ्या पानांचे देवनागरी लिप्यंतर त्यांनीच केलेले आहे. प्रोग्रॅम बरोबर वाचतो की चूक, हे मी ज्या मजकुराशी ताडून पाहते तो मजकूर म्हणजे नानांचा शब्द. प्रबंधात त्याचा उल्लेख "तज्ज्ञाने प्रमाणित केलेला मजकूर" असा एका ओळीत उरकला आहे.

पाने एका खोक्यात गठ्ठ्याने होती. नाना ती पत्त्यांसारखी टेबलावर टाकू लागले, आणि वाचण्याआधीच त्यांचे चार ढीग करू लागले. मी विचारले, नाना, हे काय? ते म्हणाले, "अगं, चार वळणं आहेत ना ही. तुला दिसत नाहीत?"

मला दिसत नव्हती. त्यांनी दाखवली तेव्हा दिसली. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि अक्षरे तिच्याखाली लिहीत जातात. पहिल्या ढिगातला कारकून ही रेघ पट्टीने ओढावी तशी सरळ ओढतो आणि ती समासाच्या अलीकडे बोटभर थांबवतो. दुसऱ्याची रेघ उजवीकडे चढत जाते. तिसरा घाईचा आहे. त्याच्या बोरूचे टोक झिजलेले असावे, कारण त्याच्या उभ्या-आडव्या रेघांच्या जाडीत फरकच राहिलेला नाही, आणि शाई ओली असतानाच तो पान उलटतो. चौथे वळण नानांच्या मते शिकाऊ पोराचे आहे. अक्षर मोठे, जोडणी कमी, आणि शाई टिपण्यासाठी टाकलेली वाळू इतकी की काही कण आजही अक्षरांच्या पोटात अडकून बसले आहेत. भिंगाखाली त्यांतला एक कण चमकला तेव्हा मी तो काही वेळ नुसताच पाहत राहिले.

घरी येईपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता. पानांची वाटणी मी यादृच्छिक केली होती: शंभरातली ऐंशी पाने शिकवण्यासाठी, वीस चाचणीसाठी, आणि कोणते पान कुठे जाईल हे संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. पुस्तकात शिकवतात तसेच. पण अशा वाटणीत चारही कारकुनांची पाने दोन्हीकडे जातात, आणि प्रोग्रॅमला चाचणीत येणारे प्रत्येक वळण आधीच ओळखीचे असते. मी मोडी वाचता येते का हे तपासत होते असे मला वाटत होते. प्रत्यक्षात या चार माणसांचे अक्षर ओळखता येते का एवढेच तपासले गेले होते. पाचव्या कारकुनाची वही कोणी आणून दिली तर काय होईल, याबद्दल माझ्या पाचव्या प्रकरणातले कोष्टक काहीच सांगत नाही.

नानांना वळणे दिसली आणि मला दोन वर्षे दिसली नाहीत, यात माझ्या शिक्षणाचा काही भाग आहे असे मला वाटते. आम्हांला सामग्री ही फोल्डरमधल्या फाइली म्हणून भेटते. तिला लिहिणारे हात असतात हे फाइलच्या नावात येत नाही.

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

वाटणी नव्याने केली. एका वेळी तीन वळणांवर शिकवायचे आणि चौथ्यावर तपासायचे, असे चार वेळा. लेव्हेनश्टाइन यांच्या अंतराने मोजले, म्हणजे यंत्राचा मजकूर नानांच्या मजकुरासारखा करायला किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजले. जुन्या वाटणीत शंभर अक्षरांमागे सात चुका होत्या. नव्या वाटणीत सर्वांत सोप्या वळणावर बावीस आणि घाईवाल्यावर एकोणतीस.

ते सातही पूर्ण सात नव्हते, हे वहीतून निघाले. शिकवण्याची सुरुवात ज्या यादृच्छिक बीजापासून होते ते बदलून मी पाच वेळा प्रोग्रॅम चालवला होता आणि सर्वांत चांगला आकडा कोष्टकात घातला होता. बाकीचे चार कुठेही नाहीत. हा अप्रामाणिकपणा म्हणावा का? त्या दिवशीच्या नोंदीत मी "शेवटी जमले" असे लिहिले आहे, आणि ते लिहिताना मला खरोखर आनंद झाला होता.

प्रोग्रॅमचा वेग मोजताना होणाऱ्या चुकांवरचे मिटकोविच आणि सहकाऱ्यांचे २००९ चे काम आज पुन्हा काढले, कारण त्यात कोणाची लबाडी नाही आणि तरीही मोजमाप चुकते. प्रोग्रॅम जोडताना फाइलींचा क्रम बदलला, किंवा ज्यांचा प्रोग्रॅमशी काही संबंध नाही अशा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलांची (यंत्रणा प्रत्येक प्रोग्रॅमला पुरवते त्या, लॉगिनच्या नावासारख्या माहितीची) एकूण लांबी बदलली, की स्मृतीतल्या जागा सरकतात आणि वेग इतका बदलतो की एखादी सुधारणा उपयोगी की निरुपयोगी हा निष्कर्षच उलटू शकतो. त्यांनी त्या क्षेत्रातले १३३ लेख पाहिले. या पूर्वग्रहाची पुरेशी दखल एकानेही घेतलेली नव्हती. यंत्र कोणते, प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर कोणता हे आम्ही लिहितो, लॉगिनचे नाव किती अक्षरी होते हे लिहीत नाही, आणि तेही आकड्यात मिसळलेले असते.

१४ ऑगस्ट २०२४, बुधवार

व्यवस्थापन विभागातल्या एका ताईंशी चहावर बोलणे झाले. त्या माहिती-प्रणालीच्या बाजूच्या. नागरिक सरकारी ॲप का वापरतात यावर त्यांचे काम चालू आहे. त्यांच्या तिसऱ्या प्रकरणाला साठ पाने आहेत. डेव्हिस यांचे १९८९ चे तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रारूप, "अजिबात असहमत" ते "पूर्ण सहमत" अशी पाच पायऱ्यांची लायकर्ट मापणी, प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे मोजणारा क्रोनबाख यांचा १९५१ चा अल्फा, सगळे जागच्या जागी. मला आधी हेवा वाटला.

मग त्याच हसत म्हणाल्या की अल्फा ०.७ च्या वर यावा लागतो म्हणून दोन प्रश्न काढून टाकले, आणि ते "आशयाशी विसंगत" होते असे कारण नंतर लिहिले. शिवाय प्रश्नावली भरणारे बहुतेक त्यांच्याच वर्गातले विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे नातेवाईक. प्रबंधात त्यांचे नाव "नागरिक". म्हणजे पद्धतीबद्दल साठ पाने बोलूनही जे बोलायचे नाही ते बोलले जात नाही; आमच्याकडे गप्प बसून जे होते ते त्यांच्याकडे बोलून होते. आज हे कळल्याने समाधान वाटायला नको होते, पण वाटले.

ताईंनी एक उपयोगी गोष्ट दिली. हेव्हनर, मार्च, पार्क आणि राम यांनी २००४ मध्ये माहिती-प्रणालीतल्या आरेखन-विज्ञानासाठी, म्हणजे वस्तू बांधून त्यातून ज्ञान मिळवण्याच्या पद्धतीसाठी, सात सूत्रे मांडली, आणि पेफर्स व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याच्या सहा पायऱ्या लिहिल्या: समस्या ओळखणे, उद्दिष्टे ठरवणे, बांधणे, चालवून दाखवणे, मूल्यमापन, आणि कळवणे. मुळाशी हर्बर्ट सायमन यांचा १९६९ चा, माणसाने घडवलेल्या वस्तूंचेही शास्त्र असू शकते हा विचार आहे. आमच्या विभागात या नावांचा उच्चार मी कधी ऐकला नाही, आणि आम्ही करतो ते बहुतांशी हेच आहे. पेफर्स यांच्या मांडणीत पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करायला हवी असेही नाही. आधी वस्तू तयार असेल तर मधूनही शिरता येते. माझ्यासारख्यांसाठी ही मोठी सोय आहे, आणि धोकाही तेवढाच, कारण आधी बांधून मग सहा चौकटी चिकटवणे फार सोपे आहे. सरांना काही तरी नाव हवे आहे. मी हे नाव दिले तर ते बहुधा मान्य करतील. पण मागे जाणारे बाण दाखवता आले नाहीत तर हे त्या जुन्याच चित्रावर मारलेले नवे रंगकाम ठरेल.

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार

मधले दिवस पुरात गेले. विश्वामित्रीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले, तीन दिवस वीज नव्हती. हार्ड डिस्क आणि दोन्ही वह्या माळ्यावर टाकल्या होत्या, त्या कोरड्या राहिल्या. वाड्यातल्या मोडी वह्या वरच्या मजल्यावरच्या लाकडी पेटीत होत्या, त्याही सुखरूप आहेत. नानांच्या तळघरातली जुनी कात्रणे गेली. परवा चतुर्थी आहे. ते म्हणाले, आधी गणपती बसू दे, मग तुझे काम.

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आता नानांच्या "प्रमाणित मजकुरा"कडे वळले. एकाच माणसाचा शब्द प्रमाण मानणे बरे नव्हे म्हणून रावपुऱ्यातल्या, मोडी वाचणाऱ्या एका बाईंकडून चाळीस पाने स्वतंत्रपणे वाचून घेतली. दोघे किती जुळतात हे नुसत्या टक्केवारीने न पाहता, योगायोगाने जुळण्याचा भाग वजा करणारा कोहेन यांचा १९६० चा कप्पा (kappa) हा गुणांक काढायचा, असा बेत होता. तो काढण्याआधीच गाडे अडले.

मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. नाना पानावर दिसते तसे उतरवतात: "तुप". बाई आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे लिहितात: "तूप". दोघांनी एकच शब्द वाचला आहे, एकाही अक्षरावर त्यांचे दुमत नाही, आणि माझ्या मोजणीत ओळीओळीला मतभेद निघत होते. तीच गत शब्द तोडण्याची. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, कुठे तोडायचे हे वाचणाराच ठरवतो. मग यंत्राने "तूप" वाचले आणि नानांनी "तुप" लिहिले असेल तर ती चूक मोजायची का? दोन वर्षांपूर्वी मी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घालून सगळे ऱ्हस्व-दीर्घ एक करून टाकले होते. त्या दोन ओळींमुळे चुकांचा आकडा ठळकपणे खाली येतो. निर्णय योग्यच होता असे आजही वाटते, पण तो प्रबंधात नाही. जो कोणी उद्या माझ्याशी तुलना करेल तो या ओळींशिवाय करेल, हरेल, आणि का हरला हे त्याला कळणार नाही.

नाना वाचतात कसे, हेही आज पहिल्यांदा नीट पाहिले. मी धरून चालले होते की ते डावीकडून उजवीकडे वाचत जातात. ते आधी उजव्या कडेचा रकमेचा रकाना पाहतात. रुपये, आणे, पै बघून मग डावीकडे जिन्नस शोधतात. विचारले तर म्हणाले, "असं काही नाही गं, वाचतो सरळ." पुन्हा पान दिले, पुन्हा नजर आधी उजवीकडे गेली. पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडले होते की सांगता येते त्याहून आपल्याला अधिक ठाऊक असते. आज ते समोर पाटावर बसलेले पाहिले. माझा प्रोग्रॅम प्रत्येक ओळ स्वतंत्र कापून घेतो आणि रकमेचा रकाना तर "मजकूर नाही" म्हणून सुरुवातीलाच छाटून टाकतो.

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

नवरात्र चालू आहे. रात्री बारापर्यंत बाहेर गरब्याचे ढोल आणि आत मी, असे गेले चार दिवस चालले आहे. तिसरे प्रकरण नव्याने लिहून झाले. चौकटींचे चित्र ठेवले, पण त्यात मागे जाणारे सात बाण नव्याने रेखाटले आणि प्रत्येक बाणावर तारीख घातली. अकरा पानांची गोष्ट, पाच बीजे, चार वळणे, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन ओळी, बाईंचे वाचन, सगळे आले. जुन्या आणि नव्या वाटणीचे आकडे एकाच कोष्टकात शेजारी दिले.

शब्दांचा एक घोळ निस्तरावा लागला. दुसऱ्याने माझाच प्रोग्रॅम आणि माझीच पाने घेऊन तेच उत्तर काढणे एक, आणि स्वतः नव्याने सगळे बांधून तिथे पोचणे दुसरे. या दोहोंसाठी एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने जे दोन इंग्रजी शब्द ठरवले होते, त्यांची २०२० मध्ये आपसांत अदलाबदल केली. म्हणजे त्याआधीचा लेख वाचताना आधी साल पाहायचे आणि मग शब्दाचा अर्थ लावायचा. मी "पुनःप्रचिती" आणि "स्वतंत्र पडताळा" असे लिहिले आणि दोन्हींची व्याख्या दिली.

सरांनी वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांची अडचण त्यांनी सरळ सांगितली: परीक्षक शंभरात सात चुका वाचून आनंदाने सही करतील, बावीस ते एकोणतीस वाचून म्हणतील की काम अपुरे आहे. मी म्हटले की काम तेवढेच आहे, मोजणी बदलली आहे. त्यावर त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की कसली हे मला सांगता येणार नाही. प्रकरण त्यांनी ठेवून घेतले आहे. सरांची काळजी खोटी नाही. जो आपले मागचे बाण दाखवतो त्याचे काम, न दाखवणाऱ्याच्या कामाशेजारी ठेवले की कच्चेच दिसते.

२५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

सरांकडून प्रकरण परत आले. एक परिच्छेद काढायला सांगितला आहे, तो ठेवायचा असे मी ठरवले आहे. एक वाढवायला सांगितला आहे, तो योग्य आहे. पहिल्या पानावर या वेळी लिहिले आहे: "ते अकरा पानां परिशिष्टमां मूको." माझ्या सहवासाने सरांच्या गुजरातीत मराठी शिरू लागली आहे.

अकरा पाने परिशिष्टात घातली: डाव्या बाजूला फोटो, उजवीकडे नानांचे वाचन, खाली यंत्राचे. छापील प्रत दाखवायला संध्याकाळी नानांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतले आणि सवयीप्रमाणे आधी उजवीकडचा रकाना पाहिला. सहाव्या पानावर थांबले. शिकाऊ पोराचे पान. एका शब्दाचे पहिले अक्षर वाळूच्या डागाखाली गेलेले. नानांनी पूर्वी तिथे "सुप" लिहिले होते.

"एक रुपया तीन आणे? सुपाला?" ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिले. "मी तेव्हा दमलेलो असणार. तुप आहे हे."

खाली यंत्राच्या ओळीत "तुप"च होते. रकमेचा रकाना न पाहता त्याने ते कसे वाचले हे मला माहीत आहे. या वह्यांत तूप पानोपानी येते आणि सूप एकदाही नाही, म्हणून त्याने जास्त येणारा शब्द उचलला. गेली दोन वर्षे ही ओळ मी त्याच्या चुकांत धरत आले.

नानांना विचारले की बाकीची पाने रक्कम बघून पुन्हा एकदा वाचाल का. ते म्हणाले, दिवाळी होऊ दे. सहाव्या पानाची दुरुस्ती "नानांनी वाचन बदलले, कारण रक्कम" असा संदेश लिहून कमिट केली आणि चारही वळणांची मोजणी रात्री पुन्हा चालवायला लावली आहे.